फिरंगीची लाख

फसली तेराशे पंचविसाचा तो दसरा. तिकडं जर्मनची लढाई पेटली होती आणि इकडं दिंद्रुडच्या वेशीबाहेर हरिबा घिसाड्याचं पाल पडलं होतं. भगवानराव पाटलांच्या देवघरात एक जुनी तलवार होती, फिरंग. सरळ, सडपातळ, दुधारी. पातं दर्यापारचं, मूठ इकडची. खंडेनवमीला तिनंच कोहळा कापायचा. त्या साली पातं मुठीत खुळखुळू लागलं. पाटलांनी हरिबाला सांगितलं, ते घट्ट बसव, गावकुसाला घरापुरती जागा देतो.

हरिबाच्या बायकोचा, बायनाबाईचा, जीव त्या जागेत अडकला. तिची सगळी बाळंतपणं पालात झाली होती, त्यातली दोन लेकरं वाटेवर पुरली होती.

ऊन पाण्यात मूठ बुडवून हरिबानं पातं ओढून काढलं. आत काळं, ठिसूळ काहीतरी होतं. बायनाबाईनं घाण समजून ते खरडलं आणि उकिरड्यावर फेकलं. मग विळ्याला बसवतात तशी पाचर ठोकली. घण तिचाच, घिसाड्यात घण बाईच मारते. पातं तसूभर हलेना, तशी ती हरखली.

नवमीला पाटलांनी वार केला. कोहळा चिरला, आणि पातं मुठीपाशी मोडलं. हरिबा म्हणाला, माझ्या हातचा दोष.

बायनाबाई उकिरड्यावर गेली, तो काळा खडा शोधून आणला आणि निखाऱ्यावर धरला. लाखेच्या बांगड्यांचा वास सुटला.

"मालक, ही घाण न्हवती. लाख हाय, ईटकरीची भुकटी घातल्याली. पात्याला गादी होती ती, धक्का तीच खायची. म्याच खरडली."

"आता जोडता येतं का?" पाटलांनी विचारलं.

बायनाबाईच बोलली, "जोडायचं तर देव आगीत घालावा लागंल. पात्याचं पाणी उतरंल, कडकपणा जाईल, निस्ता विळा हुईल."

पाटलांनी आईकडं पाहिलं. सावित्रीबाई म्हणाल्या, "देव आगीत न्हाई घालायचा. हाय तेवढा राहू द्या."

मग हरिबानं पात्याचं मोडकं टोक न तापवता कानशीनं घासलं आणि बायनाबाईनं लाख वितळवून ते मुठीत बसवलं. फिरंग वीतभर आखूड झाली. जागेचा विषय कुणी काढला नाही. सकाळी पाल उठलं.

सावित्रीबाई त्याच माघात गेल्या. भगवानरावांनी पुढं कोहळा विळीनं कापला. फिरंग नुसती पूजेत राहिली. हरिबा उमापूरच्या वाटेवर तापानं गेला. बायनाबाई सुनांच्या संगतीनं घण मारत म्हातारी झाली, आणि पालातच वारली.