मागचं सील

आमच्या घरात वस्तू बिघडली की ती माझी असते आणि दुरुस्त झाली की मधुकर भाऊजींची. मिक्सर, इन्व्हर्टर, गच्चीवरची टाकी, सगळ्यांना हाच कायदा. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आणि सिल्वासाजवळ सामरवरणीत आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आले. नोकरीतून निवृत्त झाले, साहेबपणातून नाही. बेसिनला पाणी ओसंडू नये म्हणून वर जे छोटं भोक असतं ना, तेही त्यांनी आमच्याकडे एमसील लावून बुजवलंय. का, तर तिथून झुरळं येतात.

तर माझी गाडी गळायला लागली. लाल, दोन सीटची, छत मागे दुमडता येणारी, माझ्या लग्नापेक्षाही जुनी स्पोर्ट्स कार. इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात आलेला परदेशी इंजिनियर ती मागे सोडून मायदेशी गेला. बंगल्याच्या आवारात ती धूळ खात पडलेली मी पाहिली आणि माझ्या पगारातून घेतली. माझ्या नावावर. मी सिल्वासाच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. गाव चिपळूण, पण इथे येऊन इतकी वर्षं झाली की आता चिपळूणला गेले की पाहुणी वाटते. सुट्टीच्या दिवशी दारूसाठी गुजरातेतून येणाऱ्या मोठमोठ्या गाड्या बघायची इथे सगळ्यांना सवय आहे. पण पंजाबी ड्रेस घातलेली शाळेची बाई उघड्या गाडीतून एकटी निघाली की पानवाल्याचा चुनासुद्धा पानाबाहेर लागतो. लागू दे. मला ती गाडी चालवताना जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशातच होत नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

गळती होती डिफरन्सिअलची. मागच्या दोन चाकांच्या मधे भोपळ्याएवढा एक लोखंडी डबा असतो, तो डिफरन्सिअल. इंजिनाचं फिरणं त्यातूनच मागच्या चाकांना मिळतं. आतले गिअर जाड तेलात बुडालेले असतात, आणि जिथे इंजिनाकडून येणारा दांडा आत शिरतो तिथे तेल अडवायला रबराची एक गोल चकती बसवलेली असते. तिला म्हणायचं सील. माझ्या गाडीचं सील म्हातारं झालं होतं. दिवसाला एखादा टिपका पडायचा. त्या तेलाला जळक्या कांद्यासारखा वास येतो, आणि भाऊजींच्या मते तो वास त्यांच्या देवघरापर्यंत यायचा.

इथल्या खेरडीच्या रस्त्यावर संजूचं गॅरेज आहे. हा संजू शिरपूरकडचा. कारखान्यात फिटर म्हणून आला आणि पुढे स्वतःचं काम सुरू केलं. मी गाडी घेऊन गेले तेव्हा भाऊजी सोबत आले. कुणी बोलावलं नव्हतं.

"तेल डब्याच्या पुढच्या बाजूनं येतंय, दांडा शिरतो तिथून," मी संजूला सांगितलं.

संजूनं माझं ऐकलं आणि भाऊजींकडे बघितलं. "साहेब, मागचं सील करावं लागंल, डिफरन्सिअलचं."

गाडी माझी, प्रश्न माझा, उत्तर साहेबांना! मला शाळेची वेळ होत होती, नाहीतर तिथेच ऐकवलं असतं. भाऊजी म्हणाले, "तू जा. मी थांबतो, नजर ठेवतो." मी गेले.

संध्याकाळी गाडी मिळाली. घर ते शाळा, शाळा ते घर, टिपका नाही. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, उभं राहून काम करून घेतलं. मग मी एका सुट्टीच्या दिवशी सुरंगीपर्यंत लांब चक्कर मारून आले, आणि सकाळी बघते तर गाडीखाली टिपके नाहीत, थारोळं. आधी गळत होतं त्याच्या कितीतरी पट. संजूनं पुन्हा नवं सील घातलं. "ताई, टेन्शन नका घेऊ, आता टिपका पडनार नई." पुन्हा शाळेपुरती कोरडी, पुन्हा लांब नेली की थारोळं.

बुधवारी रात्री जेवायला भाऊजी वर आले. वरणात तूप घालून घेता घेता म्हणाले, "रविवारी वापीहून निलेशभाई येतोय. जुन्या गाड्यांचा शौकीन आहे. गळतीसकट घेतो म्हणाला. मी शब्द दिलाय."

"कुणाला विचारून?"

"योगेशच्या कानावर घातलंय."

योगेश म्हणजे माझा नवरा. मी त्याच्याकडे बघितलं. तो मिठाची गुळणी धरून बसला होता. भाऊजींनी त्याला शिकवलं, वाढवलं, हे मला मान्य आहे. त्यांच्या आईवडिलांच्या माघारी त्याच माणसानं सगळं केलं, त्याबद्दल मी त्यांना आजही वाकून नमस्कार करते. पण नमस्कार करते म्हणून माझी गाडी विकायची?

"गाडी माझी आहे, भाऊजी."

"अगं, नाही कोण म्हणतंय? पण ती दुरुस्त होणारी नाही. इतकी वर्षं पूल बांधलेत मी, मला कळतं कुठली गळती थांबते आणि कुठली नाही. पेव्हर ब्लॉकवर तेल सांडतंय, उद्या कुणाचं पोर घसरलं तर जबाबदार कोण? योगेश, बरोबर आहे की नाही?"

योगेशनं वरणभात कालवला. आधी कालवलेलाच पुन्हा कालवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात उभ्यानं जेवले.

नंतर खोलीत त्याला विचारलं, "तू काय ठरवलंयस?" तर म्हणे, "दादाशी आता कशाला वाद? बघू रविवारी." बघू! चोर घरात शिरला तरी हा उठून म्हणेल, बघू.

शनिवारी आठवीच्या वर्गात उष्णतेचा धडा होता. बाटलीच्या तोंडाला फुगा लावायचा, बाटली गरम पाण्यात ठेवायची, फुगा फुगतो. "हवा तापली की प्रसरण पावते," मी म्हणाले, "आणि बाहेर पडायला वाट नसेल तर..." आणि तिथेच थांबले. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. गाडी शाळेपुरती गळत नव्हती. लांब नेली, तापली, की गळत होती. इतकी वर्षं हाच धडा शिकवतेय आणि माझ्याच गाडीखाली तो मांडलेला मला दिसला नाही. स्वतःचाही राग आला, पण त्या आठवड्यात माझ्या रागाची रांग बरीच मोठी होती, माझा नंबर मागे होता.

शाळा सुटल्यावर तडक संजूकडे गेले. एकटीच.

"संजू, डिफरन्सिअल तापला की आतली हवाही तापते. ती बाहेर कुठून जाते?"

"वर ब्रीदर राहतो ना ताई. बारीक नळी, तिला टोपी. श्वास घेतो तिथून."

"तो बघितलास?"

"त्याला काय व्हनार?" असं म्हणाला, पण माझ्याकडे न बघता म्हणाला. तेव्हाच मला संशय आला.

गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. मी ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या आणि त्याच्याबरोबर खाली उतरले. डब्याच्या वरच्या बाजूला हात जेमतेम पोचतो. बोटाला टोपी लागली, आणि टोपीवर काहीतरी टणक, गुळगुळीत. बॅटरी धरली. राखाडी गोळा. एमसील. वरून अंगठ्यानं नीट दाबून बसवलेलं, अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटलेल्या. आमच्या बेसिनवर अशाच उमटल्यात.

"संजू!"

"मोठ्या साहेबांनी लावलं ताई," तो भराभर बोलायला लागला. "मी सील करावं लागंल म्हनलो ना, तर ते म्हने, सील करायचं म्हनतोस अन् वरचं भोक उघडंच ठेवतोस? घरून एमसील आनलं नि सोता भरलं. मी नई म्हनलो. ते म्हने, मी इंजिनियर शे."

"ते असं बोलले?"

"त्यांच्या भाषेत बोलले, पन हेच बोलले."

आता बघा. संजूला म्हणायचं होतं सील बसवायचं. भाऊजींनी ऐकलं बंद करायचं. एकच शब्द, आणि त्या शब्दापायी गाडीला श्वास घ्यायची वाट बुजवून टाकली. आत हवा तापणार, तिला वर रस्ता नाही, मग ती नव्या कोऱ्या सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलणार. आणि हा माणूस मला सांगतोय, कुठली गळती थांबते ते मला कळतं!

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"साहेब मानूस, ताई. त्यांच्यासमोर काय बोलू?"

"मी समोर असताना तुला काही अडत नाही, आणि साहेब आले की जीभ टाळूला चिकटते. दुसऱ्यांदा सील घालताना तर साहेब नव्हते. तेव्हा का नाही काढलंस?"

त्यानं निदान मान खाली घातली, तेवढं केलं.

एमसील फोडून काढलं. नळीत तार घातली तशी आत कोंडलेली हवा सुस्कारा टाकून बाहेर आली. फुगलेलं सील बदललं. तेल भरलं, भरायच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत, आणि बूच आवळलं. मग मी गाडी खानवेलपर्यंत नेली, सागाच्या झाडीतून, मुद्दाम तापवत. परत आल्यावर खाली मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा पसरला. सकाळी पुठ्ठा कोरडा होता.

रविवारी निलेशभाई आला. भाऊजी त्याला मानानं खाली घेऊन आले, मागून योगेश. मी पुठ्ठा उचलून भाऊजींच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, गोळा दाखवला.

भाऊजींनी तो हातात घेतला, उलटा केला. आपला अंगठा त्यांनी ओळखला असणार.

"सील कर असं तोच म्हणाला होता," ते म्हणाले.

"सील बसवायचं म्हणाला होता."

"शब्दाचा कीस नको काढूस." मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "पण झालं ना नीट? उत्तम झालं! गळक्या गाडीला कोण विचारतो? आता खणखणीत आहे, आत्ताच विकण्यात शहाणपण."

गळते म्हणून विकायची, आणि गळत नाही म्हणूनही विकायची. एवढे दिवस मी गाडीखाली शिरून तेल हुंगत होते. गळती तिथे नव्हतीच.

"खरं कारण सांगा, भाऊजी."

"खरं कारण काय असणार?" ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "शाळेची बाई तू. उघड्या गाडीतून एकटी हिंडतेस. लोक बोलतात, ते मला खाली बसून ऐकावं लागतं."

"तर त्यांची तोंडं बुजवायची. माझ्या गाडीचं नाक कशाला बुजवलंत? नाक दाबलं की तोंड उघडतं, भाऊजी. गाडीचं उघडलं, आता माझं उघडतंय. गाडी विकायची नाही. निलेशभाई, तुम्हाला फुकट फेरा पडला, माफ करा."

निलेशभाई मला काहीच म्हणाला नाही. तो योगेशकडे वळला. "साहेब, आप बोलो ने. पक्कुं छे के नहीं?"

"योगेश," भाऊजी म्हणाले, "किल्ली आण."

योगेशनं घसा खाकरला. "दादा, किल्ली तिच्याकडे असते. मी कधी मागितली नाही." तो पेव्हर ब्लॉककडे बघत होता. मग, "तूही मागू नकोस."

भाऊजींनी तो गोळा खिशात टाकला आणि जिन्याकडे गेले. निलेशभाई फोन काढून आपल्या ड्रायव्हरला शोधायला लागला.

मी गाडीत बसले. योगेश शेजारी येऊन बसला. आपण मोठा पराक्रम केला असं त्याला वाटत असावं, कारण फाटकाबाहेर पडल्यावर तो हसला. मला हसू येत नव्हतं. पुढे वडाच्या झाडापाशी मी गाडी बाजूला घेतली.

"हे बुधवारी जेवताना बोलला असतास तर?"

"बोलायला हवं होतं."

"का नाही बोललास?"

तो समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिला. पुन्हा तेच. पुन्हा गुळणी.

"योगेश, उतर," मी म्हटलं. "नाहीतर बोल."

उतरायला त्यानं दाराच्या कडीला हात घातला. मला वाटलं, गेला. पण हात तिथेच राहिला.

"मला दादाची भीती वाटते," तो म्हणाला. "अजून. या वयात. तो जिन्यावरून येताना त्याचं पाऊल वाजलं तरी वाटते."

लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं.