सगळ्या कामाला चालेल अशी दुर्बीण

डोळ्यांच्या डॉक्टरांना रायफल हवी होती आणि ती सासऱ्यांच्या कपाटात होती.

सासरे निवृत्त न्यायाधीश. खुर्ची सुटून बरीच वर्षं झाली, पण पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे इथपासून नातवाने काय शिकायचं इथपर्यंतचे निकाल अजून तेच देत, आणि वर अपील नव्हतं. त्यांच्या रायफलीचं नेमबाजी क्लबात मोठं कौतुक होतं. लांबच्या पाटीवर ती चालायची, जवळच्या लोखंडी चकत्यांवर चालायची, झुडपात लपवून उभ्या केलेल्या लाकडी डुकरावरही चालायची. जजसाहेब उघड्या डोळ्याने, नळीवरच्या खुणेवरून नेम धरत आणि दुर्बीण लावणाऱ्यांना पांगळे म्हणत. अशा माणसाने एका दुपारी दोन्ही जावयांना समोर बसवून सांगितलं, "रायफलीवर दुर्बीण बसवायची आहे. एकच, पण सगळ्या कामाला चालली पाहिजे. दोघांनी एकेक आणा. ज्याची पसंत पडेल त्याला रायफल."

आयुष्यभर दुर्बिणीला नावं ठेवणाऱ्याला ती आज का हवीशी झाली, असा प्रश्न डॉक्टरांना पडायला हवा होता. पण त्यांच्या मनात तेव्हाच गुलाल उधळून झाला होता. दुर्बीण म्हणजे शेवटी भिंगं, आणि भिंगं म्हणजे डॉक्टर. दुसरा जावई, म्हणजे त्यांचा साडू, सोफे विकायचा.

साडू दुकानात गेला, "सगळ्या कामाला चालेल अशी साधी द्या" म्हणाला आणि समोर ठेवलेला चहा निवायच्या आत दुर्बीण खिशात घालून बाहेर पडला. चारपट मोठं दाखवणारी, फिरवायला-बिरवायला काही नाही. डॉक्टर ती बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अहो साडूभाऊ, खेळण्यांच्या दुकानातून आणलीत का?"

"डुक्कर दिसलं की झालं, डॉक्टर," साडू म्हणाला. "त्याच्या पापण्या कुठे मोजायच्यात?"

डॉक्टरांनी मात्र विषय मुळापासून घेतला. दवाखान्यात यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेल्या पेशंटला ते भिंगावरच्या, चकाकी अडवणाऱ्या मुलाम्याचे प्रकार समजावू लागले. बिचाऱ्याला हलता येत नसल्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बघायला मागवलेल्या दुर्बिणी तपासणीच्या खोलीच्या खिडकीत ओळीने मांडल्या गेल्या. समोर लांबवर एका इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. तिच्यावर बनवणाऱ्याचा पत्ता बारीक अक्षरांत होता. तो पत्ता सर्वांत स्वच्छ कुठली दुर्बीण दाखवते, यावर डॉक्टरांचं संशोधन महिनोन् महिने चाललं.

"त्या टाकीला नोटीस पाठवायची आहे का?" बायकोने एकदा विचारलं. डॉक्टर पुढच्या दुर्बिणीकडे सरकले.

दर रविवारी जजसाहेब लेकीकडे जेवायला येत. एका रविवारी त्यांनी पेपर उघडला आणि चष्मा खिशातच ठेवून वाचून दाखवला.

"बघा डॉक्टर, या वयात वाचायचा चष्मा सुटला माझा."

"वा, वा, छान," डॉक्टर म्हणाले. ते ताटाशेजारी दुर्बिणींची माहितीपत्रकं मांडून जेवत होते.

पुढे एकदा जजसाहेब म्हणाले, "संध्याकाळी गाडी काढणं मी सोडलंय. हल्लीच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात. नुसता पसारा होतो प्रकाशाचा."

"म्हणूनच मुलामा महत्त्वाचा, बाबा," डॉक्टर म्हणाले आणि आमटी गार होईपर्यंत मुलाम्यावर बोलले.

शेवटी डॉक्टरांनी जी दुर्बीण आणली ती रायफलीवर चढवल्यावर रायफलच तिला टांगल्यासारखी दिसू लागली. पंचवीसपट मोठं दाखवायची. पुढचं भिंग बशीएवढं. क्लबच्या टेबलाशी ताठ बसून डॉक्टरांनी डोळा आणि दुर्बीण यांतलं अंतर पट्टीने मोजलं, स्क्रू आवळले आणि हात झटकले.

परीक्षेच्या दिवशी ऊन लख्ख होतं. आधी साडू. त्याने लांबच्या पाटीवर ठीकठाक मारलं, चकत्या पाडल्या, झुडपातल्या डुकराला भोक पाडलं आणि कपाळ पुसत बाजूला झाला. मग जजसाहेब डॉक्टरांना म्हणाले, "झोपून मारा."

टेबलाशी ताठ बसण्यासाठी मोजलेलं अंतर पालथं पडल्यावर कसं टिकणार? माणूस आडवा झाला की मान पुढे येते. डॉक्टरांची आली. बार उडाला, रायफलीने मागे धक्का दिला आणि दुर्बिणीची कड भुवईच्या वर कचकन बसली. अर्धचंद्र उमटला, रक्त गालावर आलं. डॉक्टरांनी रुमाल दाबला आणि चोरट्या नजरेने सासऱ्यांकडे पाहिलं. ते समोरच उभे होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. काय दिलदार माणूस, डॉक्टरांच्या मनात आलं, बघूनही न बघितल्यासारखं केलं.

मग डुक्कर. डॉक्टरांना एक पान दिसलं. पानावरची मुंगी दिसली. मुंगीची मिशी दिसली. डुक्कर काही केल्या सापडेना.

"डावीकडे घ्या," साडू म्हणाला. "अजून. गेलं मागे."

डॉक्टरांनी रायफल खाली ठेवली. संपलंच होतं सगळं. पण निकाल देण्याआधी जजसाहेबांनी दोन्ही दुर्बिणींना स्वतः डोळा लावला. साडूच्या दुर्बिणीतून बघून म्हणाले, "धुरकट आहे." डॉक्टरांच्या दुर्बिणीची डोळ्याकडची कडी, जी ज्याने त्याने आपल्या नंबरप्रमाणे फिरवून घ्यायची असते, ती ते फिरवत राहिले, फिरवत राहिले.

"हिच्यातून बरं दिसतं. रायफल डॉक्टरांची."

"बाबा, त्यांना डुक्कर सापडलं नाही," साडू म्हणाला.

"मला सापडलं."

डॉक्टर हरखले. त्यांनी विजयाने दुर्बिणीला डोळा लावला, तर सगळं पिठासारखं पुसट. कडीकडे पाहिलं. ती पार टोकाला गेली होती. एवढा लांबचा नंबर, या माणसाला, या वयात?

आणि मग त्यांना रविवारची जेवणं आठवली. वाचायचा चष्मा आपोआप सुटला तर हुरळून जाऊ नका, मोतीबिंदू पिकतोय, हे ते रोज दहा जणांना सांगत. दिव्यांचा पसारा होतो का, हेही विचारत. महिनोन् महिने हा माणूस त्यांच्याच टेबलावर जेवता जेवता सगळी लक्षणं सांगत होता. मला दिसत नाही, हे न्यायाधीशाच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून त्याने दुर्बीण मागितली होती. डॉक्टरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

लाजेच्या पाठोपाठ दुसरा विचारही आला, तो जास्त लाजिरवाणा होता. डोळा बरा झाला की सासऱ्यांना साडूच्या दुर्बिणीतूनही स्वच्छ दिसेल. निकाल फिरेल. थोडे दिवस गप्प बसलं तर? रायफलीचा गुळगुळीत दस्ता हातात होता. डॉक्टरांनी तो नको तितका वेळ धरून ठेवला.

"बाबा," शेवटी ते म्हणाले, "उद्या दवाखान्यात या. डोळे बघू."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"जे मला पहिल्या रविवारी कळायला हवं होतं ते."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी डोळ्यात कुठली लेन्स बसवायची हे ठरवायला डॉक्टरांनी कपाटातून माहितीपत्रकं काढली. बायकोने ती त्यांच्या हातातून घेतली आणि परत कपाटात ठेवली.

"साधी बसवा," ती म्हणाली. "सोफेवाल्या भावोजींना विचारून हवं तर."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत पट्टी निघाली. जजसाहेबांनी आधी खिडकी पाहिली, मग छत, मग समोर वाकलेल्या जावयाचा चेहरा. त्याच्यावर त्यांची नजर थांबली.

"हे भुवईवर काय लागलंय तुम्हाला?"

"दुर्बीण लागली, बाबा."

"कधी?"

"परीक्षेच्या दिवशी. तुमच्यासमोर."

जजसाहेबांनी त्या अर्धचंद्रावरून बोट फिरवलं. माणूस समोर रक्ताळलेला उभा होता आणि आपण निकाल देत होतो, हे त्यांना जड गेलं असावं. मग त्यांनी घसा साफ केला.

"तो निकाल रद्द. रायफल सोफेवाल्याला द्या."

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी थेंबाची बाटली उघडली. "आणि माझी दुर्बीण?"

सासऱ्यांनी पुन्हा खिडकीतून लांबवर पाहिलं.

"ती खिडकीत असू द्या," ते म्हणाले. "टाकी आहे समोर."