गुलाबाआडचा फोटो

दवाखान्यातला फोटोग्राफर स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश होता. मारहाण झालेल्या बायकांच्या जखमांचे फोटो कोर्टासाठी काढायचे आणि डॉक्टरांना पाठवायचे, हे त्याचं काम. फोटो तो आधी कुलूपबंद करी, म्हणजे किल्लीचा शब्द टाकल्याशिवाय तो उघडत नसे. मग ती फाइल गुलाबाच्या चित्रात लपवी. बघणाऱ्याला नुसता गुलाब!

पण हा गुलाब जाई सगळ्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि खालीच किल्लीचा शब्द लिहिलेला. काही दोनदा विचारावं लागलं की डॉक्टर चिडत, म्हणून ही सोय.

थोरल्या सिस्टरांनी टोकलंही होतं. "अरे, कुलूप लावून किल्ली दारालाच टांगतोस होय?"

"सिस्टर, सगळी आपलीच तर माणसं आहेत."

त्या आपल्याच माणसांतल्या एका कारकुनानं गंमत म्हणून एक गुलाब उघडला. आत त्याच्या मित्राची बायको निघाली. नवऱ्याच्या भीतीनं ती महिलांच्या निवाऱ्यात लपली होती. फोटो तिथेच जाऊन काढलेला, त्यामुळे तिच्या भाजलेल्या पाठीमागे, भिंतीवर, निवाऱ्याची पाटी स्वच्छ वाचता येत होती. कारकुनानं फोटो मित्राला पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी तिला स्ट्रेचरवरून आणलं. हात मोडलेला, उजवा डोळा फुटलेला. फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला.

"दादा," ती म्हणाली, "या वेळी किती जण बघणार? मागचा फोटो तुमच्या कारकुनानंच नवऱ्याला पाठवला, पाटी वाचून तो थेट आला."

त्यानं कॅमेरा खाली ठेवला. तो बाहेर सिस्टरांकडे आला. "सिस्टर, मी तर लपवला होता हो!"

"लपवलास, पण कुणापासून? दुखणं तिचं आणि सोय बघितलीस डॉक्टरांची! ज्याचं काम नाही त्याला तो गुलाबसुद्धा जायला नको होता. आणि किल्ली वेगळ्या वाटेनं, फक्त ज्याला हवी त्याच्या कानात."

त्यानं कारकुनाचं नाव आणि स्वतःची चूक, दोन्ही वरिष्ठांना लेखी दिली. मग परत येऊन तिच्यामागे कोरी चादर धरायला लावली.

"ताई, फक्त डॉक्टर आणि कोर्ट. किल्ली मी फोनवर सांगेन, कुठेही लिहिणार नाही."

"मागच्या वेळीही तुम्ही म्हणालात, काळजी करू नका."

त्यानं चादर नीट ताणून घेतली आणि मगच फोटो काढला. दिला शब्द मात्र त्यानं पुढे कधी मोडला नाही.

वाचकहो, दुसऱ्याचं दुखणं आपल्या मोबाइलमध्ये येतं, तेव्हा ती ठेव असते. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा, हे बघायचं काम नेमकं कुणाचं? फोटोग्राफर हे शिकला खरा, पण त्या बाईचा उजवा डोळा कायमचा गेला.