एकट्याचं काम

दाजी येताना दिसले तेव्हा त्याच्या हातातलं खड्डे पाडायचं मशीन चालूच होतं. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू आली नाही, पण खांद्यावर पहार घेतलेली ती एका बाजूला कललेली चाल त्यानं लांबूनच ओळखली.

सकाळीच त्यानं ताईच्या घरी फोन करून सांगितलं होतं, की रोपवाटिकेच्या कुंपणाचं काम पुढं ढकललंय, आज दाजींनी यायला नको. खरं तर रोपवाटिकेच्या मालकानं एवढंच विचारलं होतं, की मशीन असताना दुसरा माणूस कशाला? ज्यांनी त्याला पहार कशी धरायची इथपासून शिकवलं, हाताला काम नव्हतं तेव्हा घरात ठेवून घेतलं, त्यांच्यासाठी एक शब्दसुद्धा त्याच्या तोंडातून निघाला नव्हता.

त्यानं मशीन बंद केलं. दाजी धापा टाकत जवळ आले.

"चौकातल्या चहावाल्यानं सांगितलं, तू इकडं आलायस. म्हटलं, काम ऐनवेळी ठरलं असेल, मला कळवायला सवड झाली नसेल. एकट्यानं एवढं खोदायचं म्हणजे कंबरेचा पार भुगा."

सबब त्यांनी स्वतःच आणली होती. त्यानं फक्त मान हलवायची होती. त्यानं ती हलवली.

मग दाजींचं लक्ष खड्ड्यांकडे गेलं. दोरीलगत ओळीनं पाडलेले, सुरीनं कापल्यासारखे गोल. ते उकिडवे बसले, एकात कोपरापर्यंत हात घालून चाचपून पाहिलं. छान पाडतं की, म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मला धरू दे जरा."

नको म्हणायला हवं होतं. पण त्यांना कशालाही नको म्हणायला त्याला तोंड राहिलं नव्हतं. त्यानं मशीनच्या मुठी कुठं धरायच्या ते दाखवलं, दोरी ओढून इंजिन सुरू करून दिलं. पातं जमिनीत शिरलं, मुळात अडकलं, आणि सगळं मशीनच गर्रकन फिरलं. मूठ दाजींच्या हातावर बसली आणि ते मातीत आडवे झाले.

रोपांना पाणी घालणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या. मालक शेडमधून धावत आला, म्हाताऱ्या माणसाच्या हातात कशाला दिलंत म्हणून त्याच्यावरच करवादला. दाजी उठले, कपडे झटकले आणि हसले. ते हसणं त्याला बघवेना.

"तू पाड खड्डे," ते म्हणाले, "मी खांब उभे करतो."

दिवसभर ते एका हातानं खांब सरळ धरत राहिले, दुसरा हात पोटाशी घेऊन.

संध्याकाळी ताईच्या घरी जाईपर्यंत त्यानं मनाशी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं. ताईला सुजलेला हात दिसला. काय झालं म्हणून तिनं विचारलं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दाजी बोलले.

"दगडावरून पहार निसटली. काम ऐनवेळी ठरलं बघ, पण यानं लगेच बोलावून घेतलं मला."

ताईनं भावाकडे पाहिलं. तिचा चेहरा निवळला. "तू बरोबर असतोस ना, म्हणून मला यांचा घोर नसतो," ती म्हणाली, आणि पहिलं ताट त्याच्यापुढं ठेवलं.

दाजी डाव्या हातानं भात कालवत होते. तो खाली मान घालून जेवू लागला. ताई वाढत राहिली आणि तो पुरे म्हणू शकला नाही.