जमुना बोलली

संध्याकाळी आठ वाजता कांताबाईंकडे कोणी आलं, तर त्याला पाणीसुद्धा विचारलं जात नसे. आठ वाजता ‘बैरक नंबर सात’ लागायची. बायकांच्या जेलची ती मालिका कांताबाई पहिल्या भागापासून पाहत होत्या, आणि पाहताना त्यातल्या सुपरिंटेंडेंट मॅडमला तोंडावर शिव्या देत होत्या. रेल्वेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून त्यांचा जन्म गेलेला. वॉर्डभर पोचणारा आवाज रिटायर झाल्यावरही बसला नव्हता.

त्या दिवशी तर सकाळपासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. कुकरची शिटी आणायला गोल बाजारात गेल्या आणि झारा घेऊन आल्या. कारण आदल्या भागाच्या शेवटी दाखवलं होतं की जमुना तोंड उघडते. जमुना म्हणजे बराकीतली मुकी कैदीण. मालिका सुरू झाल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. आणि आज ती बोलणार!

साडेसातलाच जेवण उरकून कांताबाई अडकित्ता घेऊन टीव्हीसमोर बसल्या. नात मोनाली बाजूला मोबाइलमध्ये डोकं घालून होती.

भाग रंगत गेला. जेल बघायला जजसाहेब आले. मॅडमनं कैदिणींना आधीच दम दिला होता, की कोणी तोंड उघडलं तर याद राखा. पंगतीत बसायला नव्या चादरी, वाफाळती दाळ, पनीर. आणि जजसाहेबांच्या शेजारी मॅडमनं मुद्दाम जमुनाला बसवलं. मुकीची काय भीती?

“नागीण आहे मेली,” कांताबाई म्हणाल्या.

जजसाहेबांनी प्रेमानं विचारलं, “बहन, खाना रोज़ ऐसा ही मिलता है?”

जमुनानं हातातला घास ताटात ठेवला. मान वर केली. ओठ उघडले.

आणि टीव्ही काळा पडला.

“अगं माय! काय केलं पोट्टे तू?”

मोनाली बोर्डापाशी चार्जर घेऊन उभी होती. “आजी, फ़ोन दो परसेंट पे था! मुझे लगा ये वाला टेबल फ़ैन का है!”

“लाव! लाव लवकर!”

मोनालीनं सेटटॉप बॉक्सची पिन परत खोचली. पण तो बॉक्स! पडद्यावर एक निळं चक्र आलं आणि सावकाश गरगरत बसलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून किंकाळी आली. पाठोपाठ टाळ्या, आणि एक पुरुषी आवाज, “शाब्बास!” छतावर कोणीतरी उडी मारावी तसा धप्प आवाज झाला, कांताबाईंचा पंखा हलला.

वर इरावतीताई राहत. त्यांच्याशी कांताबाईंचं बोलणं उन्हाळ्यापासून बंद होतं. कांताबाईंनी गॅलरीत तळणाची उडीद-तिळाची बिजौरी वाळत घातली होती आणि वरून इरावतीताईंच्या ओल्या गालिच्याचं पाणी तिच्यावर टपकलं होतं. त्यावरून जे काही बोलणं झालं, ते अख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं होतं.

निळं चक्र अजून फिरतच होतं. कांताबाई उठल्या, अनवाणीच जिना चढल्या आणि वरचं दार धडाधडा वाजवलं.

दार इरावतीताईंचे यजमान श्रीपादरावांनी उघडलं. समोर कांताबाई, श्वास फुललेला, हातात अडकित्ता. श्रीपादराव दोन पावलं मागे सरकले.

“अहो, गालिचा आता आम्ही आतच वाळवतो…”

“बोलली का?” कांताबाईंनी विचारलं.

आतून इरावतीताई धावत आल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. “बोलली! कांताबाई, जमुना बोलली!”

“काय बोलली?”

“ती म्हणाली की…” श्रीपादराव सुरू झाले. इरावतीताईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“सांगू नका! पाहू द्या त्यांना. ब्रेक लागला आहे, मग मागचं थोडं दाखवतात परत.”

कांताबाई सोफ्यावर बसल्या. सिमेंटची जाहिरात आली, साबणाची आली, परत सिमेंटची आली. इरावतीताईंनी घसा खाकरला.

“कांताबाई, ते बिजौरीचं मले तेव्हाच वाटलं होतं की…”

“मरू द्या ते आता. आवाज कसा आहे तिचा?”

“जाडा. माझ्या आत्यासारखा.”

“मले वाटलंच होतं!”

मग परत ती पंगत आली. जमुनानं घास ठेवला, मान वर केली, ओठ उघडले, आणि जाड्या, खरखरीत आवाजात म्हणाली, “दाल आज ही बनी है, साहब. रोज़ तो पानी मिलता है.”

सुपरिंटेंडेंट मॅडमच्या हातून पळी पडली. साऱ्या कैदिणी ताटल्या बडवायला लागल्या. आणि कांताबाईंनी काय करावं? दोन बोटं तोंडात घातली आणि सणसणीत शिटी मारली. लहानपणी भावांबरोबर मारायच्या, त्यानंतर कधी मारली नव्हती. स्वतःच दचकल्या. इरावतीताई हसता हसता सोफ्यावरून खाली घसरल्या, त्यांना उठवायला गेलेल्या कांताबाईही त्यांच्याशेजारी बसल्या. दोघी एकमेकींचे दंड धरून खदखदत राहिल्या.

शिटी ऐकून चौकीदार भैय्यालाल काठी घेऊन वर धावला. “का होगे दीदी? चोर?”

“जमुना बोल दी, भैय्यालाल!”

“हव!” त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि खिशातला चालू मोबाइल दाखवला. “महूं मोबाइल म देखत रहेंव! मजा आगे!”

मोनाली जिन्यातून ओरडली, “आजी, चालू हो गया!”

“राहू दे!” आजी म्हणाली. “मी इथंच पाहून राहिली.”

भाग संपला तरी कोणी हललं नाही. श्रीपादरावांनी पोहे टाकले. जमुना इतके दिवस गप्प काहून होती, यावर वाद पेटला. इरावतीताई म्हणाल्या, भीतीनं. कांताबाई म्हणाल्या, “भीती? ती वाट पाहून राहिली होती! ऐकणारा माणूस तर यायला पाहिजे ना समोर!” आवाज चढले, पण पोह्यांची बशी दोघींच्या मध्येच होती. उद्या मॅडम तिचे हाल करेल, या काळजीवर मात्र दोघींचं एकमत झालं.

“नीलिमाही पाहते, तिला विचारू,” म्हणत इरावतीताईंनी नागपूरच्या बहिणीला फोन लावला. कांताबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतलाच.

“नीलिमाताई, मी खालच्या मजल्यावरची कांताबाई. बोलली हो जमुना! म्हणाली, दाल आज ही बनी है!”

पलीकडून किंकाळी आली. “अहो, मी आत्ता ऑफिसातून आली! अजून पाहायचाच आहे मले!”

कांताबाईंनी जीभ चावली, इरावतीताईंकडे पाहिलं, आणि दोघींना पुन्हा हसू फुटलं.