म्हणण्यापुरतं आमंत्रण

शांघायला येऊन पावसाळा सरला, तरी माझं मन काही तिथं लागेना. आमच्या मास्तरांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, अगदी उलटं. बेळगावच्या शाळेत पोरांवर खेकसणारा हा माणूस इथं चिनी मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवून घरी यायचा तो गाणं गुणगुणत. धोतर-कोटात गल्लीतून असे ऐटीत चालायचे, की मला हसूही यायचं आणि रागही. त्यांना शाळा मिळाली. मला काय, चार भिंती! आमच्या गावी, उचगावात, विहिरीवर गेलं तरी तोंडभरून बोलणं व्हायचं. इथं दिवसभर बोलायला कोण, तर शेगडी.

एक दिवस भांडलेच. "मला घरी न्हेऊन सोडा. हितं मी येडी हुईन."

मास्तरांनी कोट खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "बरं. दिवाळीआधीच्या बोटीचं बघतो. तंवर दम धर."

माझी समजूत काढायला त्यांनी कुठूनसं जोंधळ्याचं पीठ आणलं, इथल्या इंग्रजांच्या पोलिसातल्या एका सरदारजींकडून हरभऱ्याचंही मिळवलं. चीनमध्ये जोंधळा पिकतो हे कळल्यावर मला त्या देशाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात शेगडी मांडून भाकऱ्या थापल्या, झुणका केला, ठेचा वाटला आणि पहिला घास घेणार, तोच समोरच्या लिनबाई आल्या. "जेवलात का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या भाषेतलं तेवढं एकच वाक्य मला कळायचं. आपण रामराम म्हणतो तसं ते लोक हे विचारतात. मान डोलावली की झालं.

पण माझ्यासमोर ताट होतं. आपण जेवत असताना दारावरून कुणी गेलं, तर आमच्याकडं "या जेवायला" म्हणावंच लागतं, आणि जाणाऱ्यानं "हूं, चालू द्या" म्हणत पुढं जायचं असतं. खरोखर येऊन बसलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. माझा हात आपसूक ताटाकडं गेला. "या की जेवायला!"

हाताची खूण लिनबाईंना बरोबर कळली. त्यांचा चेहरा उजळला आणि त्या लगबगीनं घरात गेल्या. मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! बाई परत आल्या त्या वाडगा आणि काड्या घेऊन. मागं सासू, सासूमागं दोन पोरी.

दोनच तर भाकऱ्या केल्या होत्या! पण जेवायला बसलेल्याला ऊठ कसं म्हणायचं? पदर खोचला आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. तेवढ्यात सासूबाईंनी काड्यांनी ठेच्याचा हा एवढा गोळा उचलून तोंडात टाकला.

"आवो आज्जी, थांबा!" मी ओरडले. कसलं काय! कानशिलं लालभडक, डोळ्यांतून धारा. मी गूळ आणायला आत धावले. बाहेर येते तर आज्जी वाडगा पुढं करून आणखी ठेचा मागतायत. मी इतकी हसले, की मला ठसका लागला, आणि लिनबाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. त्या मुलखात परक्या माणसाचा मायेचा हात तो पहिला. रडू येईल इतकं बरं वाटलं मला.

संध्याकाळी लिनबाई वाफाळलेले, भाजी भरलेले उंडे घेऊन आल्या. मग रोजच दुपारी कधी आमच्या दारात, कधी त्यांच्या. मिठावरून, शेगडीच्या जागेवरून आमची भांडणंही व्हायला लागली, तेव्हा मी ओळखलं, मैत्री पक्की झाली. बोटीचं मी साफ विसरले.

मास्तर विसरले नव्हते. एका दुपारी लवकर घरी आले, चेहरा उतरलेला. "हेडमास्तरांस्नी सांगून आलो. नोकरी सोडली. येत्या बोटीनं दोघंबी जाऊ."

"दोघं? तुमी कशाला?"

"तुला एकटीला धाडून मी हितं काय करू गं?"

जिवापाड आवडणारी शाळा हा माणूस माझ्यापायी सोडून आला होता, आणि आधी चकार शब्द बोलला नव्हता. मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं, की मी त्यांच्यावर खेकसलेच.

"कुटं जाताय? उद्या आज्जीस्नी थालपीट घालायचं हाय! पळा, हेडमास्तरांस्नी सांगा, आमी न्हाय जात म्हणून!"

मास्तर बघतच राहिले. "म्हंजी... ऱ्हायचं?"

"व्हय, ऱ्हायचं!"

धोतराचा सोगा हातात धरून मास्तर गल्लीतून असे धूम पळत सुटले, की लिनबाई काय झालं म्हणून घाबरून बाहेर आल्या. मला त्यांना सांगायला शब्द कुठले? मी त्यांना घट्ट मिठीच मारली.