फलाट क्रमांक एकवरची बदकं

गल्लीत तिला सगळे घोषणाबाई म्हणत. बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून तिने उभी हयात माइकसमोर काढली होती. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ एवढं ती म्हणाली, की बाकावर आडवे झालेले हमालसुद्धा उठून बसत. आवाज होताच तसा, आणि तो तसा आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, थोडा तोराही होता. घरात मीठ मागायचं तरी ती असं मागे, की नवऱ्याला वाटे, आपण लगेच उठलो नाही तर गाडी सुटेल.

नोकरी संपली आणि पाठोपाठ गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. जिवावर बेतलं होतं ते आवाजावर निभावलं, असं सगळे म्हणाले. पण जो आवाज परत आला तो तिचा नव्हता. घोगरा, खरखरीत, मध्येच फाटणारा. तिने गळ्याला रुमाल बांधला आणि लोकांत बोलणं बंद करून टाकलं. भाजीवाल्याला ती बोट दाखवी, शेजाऱ्यांना मान हलवी. बोलायची ती फक्त नवऱ्याशी, तेही मोजूनमापून.

थोरल्या बहिणीचा फोन येई तेव्हा नवरा उचले आणि ठरलेलं वाक्य टाकी, “ती आंघोळीला गेलीय.”

“सकाळी केला तर आंघोळ, दुपारी केला तर आंघोळ,” ताई म्हणे. “अहो, माझी बहीण आहे की मगर?”

तो हसून वेळ मारून नेई. ही शेजारीच बसलेली असे, हातातली शेंग तशीच धरून ताईचा आवाज ऐकत. ताईशी बोलायला तिचा जीव तुटत होता. पण हा घोगरा आवाज ऐकून ताई रडेल, आणि ताई रडली की आपण रडू, हे तिला नको होतं. बरं, ताईने घरी यावं तर तिचे गुडघे तिला जिना उतरू देत नव्हते. मग काय, आंघोळ चालूच राहिली.

नवरा फ्रिज दुरुस्त करणारा. स्वभावाने गरीब, पण हाताला चैन नाही. एकदा तळ्यापलीकडच्या बदकवाल्याचा फ्रीझर त्याने सुरू करून दिला आणि खूश झालेल्या त्या माणसाने त्याला टोपलीभर अंडी दिली. तिने कढई काढली.

“अगं, थांब!” तो टोपली पोटाशी धरून म्हणाला. “ही खायची नाहीत. उबवायची आहेत.”

“कोण बसणार त्यांच्यावर? तुम्ही?”

“मशीन करतो ना. जन्मभर लोकांच्या वस्तू गार करत आलो. आता जरा ऊब देऊन बघू.”

व्हरांड्यात एक मेलेला फ्रिज वर्षानुवर्षं पडून होता. त्यात त्याने बल्ब बसवला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला, तापमान राखणारं यंत्र जोडलं, खाली पाण्याची थाळी ठेवली आणि दाराला काचेची खिडकी केली. मग अंडी जाळीवर आडवी मांडून त्याने प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला फुली काढली. अंडी दिवसातून पाच-सहा वेळा फिरवायची, म्हणजे पिल्लू कवचाला चिकटत नाही. एकदा गोल वर, एकदा फुली वर.

“आणि हे फिरवणार कोण?” तिने विचारलं.

त्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून निरखून पाहिला, जणू प्रश्न त्यालाच विचारला होता. दिवसभर तो कामावर. घरी कोण, ते दोघांनाही माहीत होतं. हौस त्याची आणि हमाली हिची, हा त्या घरातला जुना रिवाज होता.

पहिले काही दिवस तिने तोंडातून शब्द न काढता अंडी फिरवली, कपड्यांना इस्त्री करताना वापरायच्या फवाऱ्याने त्यांच्यावर कोमट पाणी मारलं आणि दार लावलं. मग एका सकाळी, कसं कोण जाणे, दार उघडता उघडता तोंडून निघून गेलं, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.”

ती दचकली. इकडेतिकडे पाहिलं. अंडीच ती, त्यांनी काय आवाजाला नावं ठेवायची? तिने घसा साफ केला. “फलाट क्रमांक एकवरील सर्व प्रवाशांनी आता फुलीच्या बाजूने वळावे. ढकलाढकली करू नये.”

त्या दिवसापासून प्रत्येक फेरीला घोषणा होऊ लागली. आवाज फाटला तरी इथे ऐकायला कुणी नव्हतं. हळूहळू घोषणा लांबत गेल्या. उकाडा वाढला तर ती प्रवाशांची गैरसोयीबद्दल माफी मागे, लाइट गेली तर फ्रिजवर गोधडी टाकून त्यांना धीर देई. एकदा नवरा दुपारीच घरी आला आणि फाटकापाशी त्याचे पाय थबकले. तिने व्हरांड्याच्या जाळीतून त्याला पाहिलं. तो आल्या पावली मागे फिरला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि मोठ्याने खोकत, फाटक आपटत परत आला. आपण काही ऐकलं नाही, असा चेहरा त्याने केला होता. असले चेहरे त्याला मुळीच जमत नसत.

मग एके संध्याकाळी दोघं एका चादरीखाली डोकी घालून टॉर्चच्या उजेडात अंडी तपासायला बसले. बहुतेकांत लाल शिरांचं जाळं दिसलं, एकात काहीतरी चक्क हललं. तिने त्याचा दंड इतका घट्ट धरला की तो “अगं, अगं” करू लागला. काही अंडी रिकामी निघाली. एका अंड्याबाबत मात्र वाद झाला.

“ही गाडी रद्द,” तो म्हणाला. “बाकीच्यांच्या मानाने फारच मागे आहे. टाकून देऊ.”

“उशिरा धावणारी गाडी रद्द नसते,” ती म्हणाली. “स्टँडवर जन्म गेलाय माझा. मला शिकवू नका.”

ते अंडं राहिलं. त्याचं नाव पडलं लेटगाडी.

शेवटचे काही दिवस अंडी फिरवायची नव्हती आणि दारही उघडायचं नव्हतं. ती काचेसमोर स्टूल घेऊन बसली. एका अंड्याला बारीकसा तडा गेला, मग दुसऱ्याला. सवयीने ती म्हणाली, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” आणि आतून उत्तर आलं. चिवचिव, बंद कवचांतून.

“अहो!” ती ओरडली. “बोलतायत!”

तो धावत आला, काचेला नाक लावून लाडाने म्हणाला, “काय रे पोरांनो?” आत चिडीचूप. तिने पुन्हा लक्ष द्यायला सांगितलं आणि पुन्हा चिवचिव झाली.

“माझ्याच फ्रिजमध्ये राहायचं,” तो म्हणाला, “आणि मलाच ओळख दाखवायची नाही!”

एक पिल्लू फार रेंगाळलं तेव्हा स्क्रू ड्रायव्हरने जरा फट मोठी करावी म्हणून त्याने दाराला हात घातला. तिने त्याच्या हातावर चापट मारली. “त्यांचं त्यांना बाहेर येऊ द्या. आपण ओढलं तर रक्त येईल.” शेवटी ओली, गबाळी, दमलेली पिल्लं बाहेर पडली. सगळ्यांच्या मागून, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, लेटगाडीही आली.

पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. सुकून पिवळीधमक झालेली ती वरात घरभर तिच्या मागे फिरू लागली. नवऱ्याने टब आणला, त्यात चढायला फळ्यांचा उतार केला, तरी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. त्याला ते लागलं. म्हणून एका सकाळी, ती मागच्या दारी कपडे वाळत घालत असताना, त्याने सगळ्या पिल्लांना अंगणात काढलं आणि फाटक सताड उघडलं. ‘मशीन माझं आहे,’ त्याने स्वतःला बजावलं, ‘माझ्या मागे येतीलच.’

पिल्लं गेली, पण त्याच्या मागे नाही. गल्लीच्या टोकाला गाड्या धुण्याचं दुकान होतं. तिथलं पाणी रस्त्याच्या कडेने वाहत येई. त्या पाण्याच्या नादाने ती टोकापर्यंत पोचली आणि धुवायला उभ्या केलेल्या ट्रकखाली शिरली. ट्रकच्या पलीकडे मोठा रस्ता, त्यावर भरधाव गाड्या.

आरडाओरडा ऐकून घोषणाबाई बाहेर आली तेव्हा नवरा रस्त्यावर पोटावर पडून “आ, आ, या रे” करत होता, समोरचे शिंपीकाका गळ्यात टेप घेऊन वाकले होते आणि दुकानातली माणसं झाडू घेऊन ट्रकला वेढा घालत होती. माणसं जितकी जवळ जात, तितकी पिल्लं मोठ्या रस्त्याकडे सरकत.

ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली. अर्धी गल्ली दारात आली होती. तिने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. हे सगळे ऐकणार. ज्यांनी तो जुना आवाज ऐकला होता, ते सगळे. तिला इतकी लाज वाटली की मागे वळून घरात जावंसं वाटलं.

ट्रकच्या पलीकडच्या चाकाशी एक पिवळा ठिपका रस्त्यावर उतरला.

तिने रुमाल ओढून काढला. माइकसमोर घेई तसा पोटातून श्वास घेतला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!”

आवाज फाटला, घासला, पण गेला टोकापर्यंत. वाकलेली माणसं वाकलेलीच राहिली. “फलाट क्रमांक एकवरील सर्व प्रवाशांनी ताबडतोब घराकडे निघावे!”

ट्रकखालून एक डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मग सगळी वरात खुरट्या पंखांची फडफड करत तिच्याकडे पळत सुटली. तिने पायाशी मोजली. एक कमी होतं. कोणतं, हे शोधावं लागलं नाही.

“उशिरा धावणारी गाडी,” ती पुन्हा ओरडली, आता कुणाचीच पर्वा न करता, “तुझ्याशिवाय स्टँड बंद होणार नाही! ये!”

मग ट्रकच्या मागच्या चाकाआडून, चिखलात माखलेली, ठेचकाळत, लेटगाडी आली.

शिंपीकाका कंबर धरून सरळ झाले. “घोषणाबाई,” ते म्हणाले, “आवाजाला अस्तर लावलंत वाटतं. चांगलं बसलंय.”

“तुमच्यासारखं ढगळ नाही शिवलेलं,” ती म्हणाली. गल्ली हसली आणि तीही हसली. ते हसणंही घोगरंच होतं.

नवरा धुळीने भरलेला शर्ट झटकत, मान खाली घालून तिच्या मागे चालत होता. पिल्लांच्याही मागे, रांगेत शेवटचा.

घरात शिरतात तोच फोन वाजला. त्याने सवयीने उचलला. “हो ताई, नमस्कार. ती ना, ती आंघोळी...”

तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. पायाशी सगळी पिल्लं माना वर करून उभी होती.

“ताई,” ती म्हणाली.

पलीकडून सावधपणे, “कोण बोलतंय?”

“मीच गं. झाली माझी आंघोळ.”